कॉन्सेप्ट काय आहे?

वास्तुकलेच्या कॉलेजात ज्युरीच्या दिवशी भिंतीवर शीट लागतात, टेबलावर माउंट बोर्डचं मॉडेल येतं आणि दोन रात्री न झोपलेला विद्यार्थी बोलायला उभा राहतो. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : ‘कॉन्सेप्ट काय आहे?’ उत्तरंही बरीचशी ठरलेली. कमळ, शंख, पक्ष्याचे पंख, जीवनाचा प्रवास. एखादीने महाडच्या जागेसाठी लाटेचा आकार आणलेला असतो. लाट कशी सुचली असं विचारलं, तर ‘कोकण आहे ना सर, समुद्र’ असं उत्तर येतं. समुद्र महाडपासून चांगलाच लांब, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी आहे. महाडकरांची गाठ पडते ती सावित्री नदीच्या पाण्याशी. ते रात्रीतून दुकानात शिरतं आणि जाताना चिखल ठेवून जातं.

इमारत सुचते कुठून, हा प्रश्न नुसत्या चर्चेने सुटत नाही. त्यासाठी एखादा मुलूख समोर ठेवावा लागतो. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके त्या दृष्टीने फार सोयीचे. इथे शिवाजी महाराजांची राजधानी आहे, डोंगरात खोदलेली बौद्ध लेणी आहेत, सत्याग्रहामुळे देशभर माहीत झालेलं तळं आहे, वारंवार पूर आणणारी नदी आहे आणि दरडीखाली गाडली गेलेली वाडीही आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांत जे जे विषय करावे लागतात, त्यांतल्या बहुतेकांना इथे खरी जागा मिळते.

मुंबईहून येणारा विद्यार्थी उतरतो वीरला. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा रोहा ते वीर असा होता. तो १९९३ मध्ये सुरू झाला आणि गाडी पुढे खेडपर्यंत जाऊ लागेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षं, हे छोटं स्टेशन या मार्गाचं शेवटचं टोक होतं. त्याआधी या भागात यायचं तर घाटरस्ता किंवा पाणी. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आले, ते सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरून. वीरहून आज रिक्षा महाडकडे निघते ती याच दासगावच्या बाजूने. बंदर गेलं, स्टेशन आलं. उतरण्याची जागा फारशी हलली नाही. वाटेतल्या या गोष्टी ज्याने टिपल्या, त्याचा ‘साइट अ‍ॅनालिसिस’चा अर्धा कागद महाडला पोहोचण्याआधीच भरलेला असतो.

हा अभ्यासक्रम बाहेरच्यांना थोडा गूढ वाटतो. बारावीनंतर ‘नाटा’ ही प्रवेशपरीक्षा, मग पाच वर्षांचं बी. आर्क. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार, वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणाला नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. वर्गाचा गाभा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. दर सत्राला एक नवा प्रकल्प. पहिल्या वर्षी बसथांबा किंवा छोटी टपरी, मग घर, शाळा, ग्रंथालय, गृहसंकुल, आणि पाचव्या वर्षी स्वतः निवडलेल्या विषयावरचा थीसिस. विषय वाढत जातात, चौरस मीटर वाढत जातात. अडचण मात्र पहिल्या वर्षापासून एकच असते : कोऱ्या कागदावर पहिली रेघ कशाच्या आधारावर ओढायची?

वीर स्टेशन हाच दुसऱ्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. जुलैत इथे पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो. कोकणात त्याला झड म्हणतात. प्लॅटफॉर्मवर छप्पर असलं तरी झड आत येते. मग दिवा–सावंतवाडी पॅसेंजरची वाट बघणाऱ्या माणसाने तांदळाची पिशवी आणि पोर घेऊन नेमकं कुठे उभं राहायचं? महाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारा, रायगड बघायला आलेला ट्रेकर आणि गणपतीला मुंबईहून गावी येणारं कुटुंब, या तिघांना स्टेशनच्या बाहेर वेगवेगळी वाहनं लागतात. छप्पर किती खाली आणायचं, पागोळ्यांचं पाणी कुठे पाडायचं, बाक कुठल्या भिंतीला लावायचं, हे ठरवता ठरवता एक छोटी, नीटस इमारत तयार होते. तिला लाटेची गरज पडत नाही.

बघून आणि मोजून शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईच्या जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली हे इंग्रज वास्तुरचनाकार १९२३ पासून वीस वर्षं वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. युरोपातल्या खांब-कमानींचे नमुने गिरवून घेण्याचा तो काळ. बॅटलींनी विद्यार्थ्यांना टेप घेऊन जुन्या भारतीय इमारतींकडे नेलं आणि देवळं, वाडे, मशिदी यांची मोजमापाची चित्रं काढायला लावली. भारतीय वास्तुकलेच्या विकासावरचा त्यांचा चित्रसंग्रह १९३४ मध्ये निघाला आणि पुढे कित्येक वर्षं विद्यार्थी त्यातली पानं उलटत राहिले. याच जे. जे.मधून १९४२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेले अच्युत कानविंदे मूळचे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. ते हार्वर्डला जाऊन वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर त्यांनी आयआयटी कानपूरसारखी संकुलं उभी केली. काँक्रीट आधुनिक, पण वारा आणि सावली यांचा हिशेब या मातीतला. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर दिसणारे उंच मनोरे शोभेसाठी काढलेले नाहीत. आतली गरम हवा वर काढण्यासाठी ते आहेत.

मोजण्याचा हा वारसा विद्यार्थ्यांच्या हातात अजून आहे. ‘नासा इंडिया’ या वास्तुकला विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेत दरवर्षी वास्तूंच्या दस्तऐवजीकरणाची स्पर्धा होते आणि तिची ट्रॉफी लुई कान यांच्या नावाची आहे. मे महिन्याच्या उन्हात एखाद्या पडक्या वाड्याचा खांब मोजणारी वीस मुलं दिसली, तर त्यामागे बहुधा ही ट्रॉफी असते.

मोजायलाच जायचं तर रायगडासारखी शाळा नाही.

गडाचं वैशिष्ट्य असं, की तिथे इमारती फारशा उरलेल्या नाहीत. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात वरचं लाकूडकाम जळून गेलं. राहिली ती जोती, पायऱ्या, तळखडे, हौद. सामान्य पर्यटकाला याची हळहळ वाटते. विद्यार्थ्यासाठी मात्र ही पर्वणी आहे, कारण अख्खा प्लॅन एकास एक मापात जमिनीवर काढून ठेवला आहे. राजवाड्याच्या चौथऱ्यावरून चालताना दालनांची लांबी पावलांनी मोजता येते. दोन तळखड्यांमधलं अंतर मोजलं की वरच्या तुळईचा अंदाज येतो, तुळईवरून छपराचा. प्लॅनवरून सेक्शन काढायचा हा सराव वर्गातल्या कुठल्याही व्यायामापेक्षा कठीण आणि जास्त मजेचा आहे.

बाजारपेठेचंच घ्या. समोरासमोर दोन लांब ओळी, मध्ये रुंद रस्ता, दुकानांची जोती उंच. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून जोती इतकी उंच ठेवली, असं गाइड हमखास सांगतात. अभ्यासकांना ही गोष्ट पटत नाही. ही दुकानं होती की आणखी काही, यावरही वाद आहे. हुशार विद्यार्थी या वादात टेप घेऊन उतरतो. जोत्याची उंची किती, घोड्यावर बसलेल्या माणसाचा हात कुठे येतो, आतल्या खोल्या किती खोल, पावसाचं पाणी रस्त्यावरून कुठे वाहतं? उंच जोत्याचं कारण घोड्यापेक्षा पावसात सापडण्याची शक्यता जास्त आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. पण ते मोजून सिद्ध करावं लागेल.

पाण्याची व्यवस्था हा तर स्वतंत्र थीसिसचा विषय. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून उंच असलेल्या माथ्यावर राजधानी वसवायची, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांतलं पाणी उरलेले आठ महिने पुरवावं लागतं. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त आणि खडकात खोदलेल्या कित्येक टाक्या त्यासाठी आहेत. तलावासाठी फोडलेला दगड तिथेच बांधकामाला वापरला गेला, असं मानलं जातं. खाणही तीच, तलावही तोच. आजच्या भाषेत याला टिकाऊ बांधकाम म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. हत्ती तलाव अनेक वर्षं गळत होता. गळती काढल्यावर तो पुन्हा भरू लागला, आणि मूळ बांधणाऱ्यांनी पाणी कसं अडवलं होतं हे बघण्याची संधी त्या दुरुस्तीने दिली.

हे सगळं उभं करणारा माणूस नावानिशी माहीत आहे, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत शिलालेखात हिरोजीचं नाव आहे आणि त्याने गडावर काय काय बांधलं त्याची यादीही आहे. यादी विहिरी, तळी आणि बागांपासून सुरू होते. राजवाडे मागाहून येतात. देवळाच्या पायरीवर त्याच्या नावाचा आणखी एक छोटा लेख आहे. आपण त्याला हिरोजी इंदुलकर म्हणून ओळखतो. अशी यादी आज एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या पहिल्या शीटवर लावली, तर तिला ‘प्रोग्राम’ म्हणतील.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत रायगड आहे. त्यामुळे पायथ्याच्या पाचाड परिसरात पर्यटक केंद्र, निवास, संग्रहालय असे थीसिस वाढणार हे उघड आहे. त्यांना एक नियम आधी पाठ करावा लागेल : केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घेऊनच. माथ्यावर काचेचा मंडप टाकणारं डिझाइन दिसायला कितीही देखणं असलं, तरी ते कागदावरच राहणार.

महाड शहरात चवदार तळं आहे. तिथे मोजण्यासारखं कमी आणि वाचण्यासारखं जास्त. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी प्रत्यक्षात दलितांना पाण्यापर्यंत जाता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि पाणी प्यायले. त्यावर खटला चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रहींच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक जागा रचण्याचा विषय करणाऱ्याने या क्रमाकडे नीट बघायला हवं. ठराव झाला तेव्हा तळ्याचा एक दगडही बदलला नव्हता. कोण कुठल्या पायरीपर्यंत जातो, हे नकाशात दिसत नाही. तळ्याकाठी बाग, कारंजं, रेलिंग आणि तिकीटखिडकी काढणं सोपं आहे. दरवर्षी २० मार्चला येणारा प्रचंड समुदाय पाण्याजवळ कसा पोहोचेल, उन्हात कुठे बसेल, म्हाताऱ्या माणसांना पायरी किती उंचीची हवी, हे सोडवणारा प्रकल्प काढायला जास्त वेळ लागतो.

गांधारपाल्याची लेणी महामार्गावरूनच दिसतात. सुमारे तीस खोदकामं. काही खोल्या अर्धवट सोडलेल्या. बांधण्याऐवजी कोरून काढलेली वास्तू, आणि अर्धवट जागी छिन्नीचा क्रम स्पष्ट दिसतो. पुरात सावित्री-गांधारीचं पाणी कुठवर येतं, हे बघायलाही ही उंची चांगली.

पूर हा या भागातला खरा परीक्षक. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला उतरते. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते पाणी खाली आलं आणि महाडची बाजारपेठ बुडाली. समुद्राला भरती असेल तर खाडीचं पाणी फुगतं आणि पुराचा निचरा आणखी मंदावतो. त्याच दिवशी तळिये गावातल्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. २००५ च्या जुलैतही दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडींनी बळी घेतले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला; नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. आणि निसर्गाला दोष देता येणार नाही अशीही एक घटना आहे : २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली पाच मजली तारिक गार्डन ही इमारत कोसळून सोळा जण दगावले. इमारत जुनी नव्हती. ‘स्ट्रक्चर’चा तास बुडवून मॉडेल चिकटवत बसणाऱ्यांसाठी एवढी माहिती पुरे.

तळियेच्या पुनर्वसनाचं काम म्हाडाने घेतलं आणि कारखान्यात तयार केलेल्या भागांची घरं बांधली. घाईने छप्पर द्यायचं असतं तेव्हा ही पद्धत रास्त आहे. प्रश्न पुढचा असतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाडीतून सरळ रांगेत आलेलं कुटुंब भाताची कणगी, गुरं, सरपण, नांगर कुठे ठेवणार? मुलाचं लग्न झालं की खोली कुठे वाढवणार? असा विषय थीसिसला घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तयार दाखले आहेत आणि त्यांतले दोन मराठी मुलखाशी जोडलेले आहेत.

बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले. आजोबांचा लाकडी सामानाचा कारखाना, आणि घर एकत्र कुटुंबाचं, माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं. जे. जे.चा अभ्यासक्रम पुरा न करताच ते लंडनला गेले आणि तिथून पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे. एवढं जग बघून झाल्यावर इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना दिलं काय, तर जोतं, न्हाणी आणि एखादी खोली. पुढचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशी प्रित्झकर पारितोषिकाचे पहिले भारतीय मानकरी ठरले. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला केलेली वसाहत वीरहून एका दिवसात बघून येता येते. लहान अंगणाभोवती घरं, अशी काही अंगणं मिळून मोठं अंगण, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. आज तिथे मूळची घरं थोडीच दिसतात. बाकीच्यांवर मजले चढले, लाद्या लागल्या. काही प्राध्यापक याला अपयश मानतात. घर वाढवता यावं म्हणूनच ज्याची आखणी झाली, ते वाढलं तर तक्रार कसली?

तिसरा दाखला ऑस्ट्रेलियाचा. ग्लेन मर्कट यांनी १९९४ मध्ये उत्तरेकडच्या यिरकला इथे एका आदिवासी कुटुंबासाठी बांधलेलं घरही सुट्या भागांचंच आहे. भाग दुसरीकडे तयार झाले आणि तिथे नेऊन जोडले. पण ते खांबांवर उचललेलं आहे, वादळात चढणारं पाणी खालून जावं म्हणून. खिडक्यांना काचा नाहीत, उघडमीट होणाऱ्या झडपा आहेत. सुट्या भागांचं घर जागेला धरून असू शकतं, एवढं त्यावरून कळतं.

आता राहिली भिंत आणि छप्पर. पोलादपूरच्या वाड्यांतलं जुनं घर म्हणजे उंच जोतं, पुढे ओटी, बाजूला पडवी, मध्ये माजघर आणि वर माळा. पडवी ही जागा वाढवण्यापेक्षा झड अडवण्यासाठी जास्त. आतली मातीची भिंत तिच्यामुळे कोरडी राहते. याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला नांदगावात, बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २००७ मध्ये ‘पामायरा हाउस’ पुरं केलं. नारळाच्या वाडीत दोन लांबट लाकडी इमारती, आणि ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या भिंती. वारा आत येतो, ऊन गाळून येतं. हे श्रीमंतांचं सुट्टीचं घर आहे, हे विसरून चालणार नाही. पण सुतारांबरोबर बसून, प्रत्यक्ष मापाचे नमुने करून तपशील ठरवण्याची त्यांची रीत कुठल्याही बजेटला चालते.

मोबाइलवर चित्रं गोळा करणारे विद्यार्थी या घराचे फोटो हमखास साठवतात. चीनमधल्या निंग्बोच्या संग्रहालयाचेही. वांग शू यांनी ते २००८ मध्ये पुरं केलं. पाडलेल्या खेड्यांतल्या विटा आणि कौलं त्याच्या भिंतींत रचली आहेत. पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत आज उतरवलेल्या मंगलोरी कौलांच्या चळती घराच्या मागच्या बाजूला दिसतात, तेव्हा निंग्बो आठवणं साहजिक आहे. मात्र ही कौलं उतरली का, ते आधी विचारायला हवं. शाकारणीला माणूस मिळत नाही, तरुण मुंबईला, आणि वानरं. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पंधरा-वीस कौलं फुटतात आणि पहिल्याच पावसात माजघर गळतं. म्हणून लोकांनी पत्रे टाकले. पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही आणि जुलैत बोलणं ऐकू येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. काही घरांनी मधला मार्ग काढला आहे : खाली पत्रा, त्यावर रिपा, वर जुनीच कौलं. कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि मधल्या हवेमुळे पत्रा कमी तापतो. या जोडणीत पत्र्याला खिळा कुठे मारायचा, पन्हळीचं पाणी कुठून सोडायचं आणि वाऱ्याने वरचं कौल उचललं जाऊ नये म्हणून काय करायचं, याचं एकास दहा मापातलं ड्रॉइंग अजून कुणीतरी नीट काढायला हवं आहे.